हा गेला ना रे?

आवडता सिनेमा एकट्याने बघावा. तो चार माणसांना, त्यातून घरच्या माणसांना दाखवायला गेलं की आपण प्रेक्षक राहत नाही, वधूपिता होतो. पडद्याकडे पाठ, नजर समोरच्यांच्या चेहऱ्यावर आणि जीव टांगणीला : पसंत पडला का? हसले का? आता तो प्रसंग येतोय, नेमकी आत्ताच ही चहा टाकायला का उठली?

‘सिंहासन’ माझा जीव की प्राण. 1979 चा, जब्बार पटेलांचा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, त्यांवर तेंडुलकरांची पटकथा. एवढं मी उत्साहाने सांगेपर्यंत श्रेयनामावली संपत आली होती.

“रंगीत नाही का रे?” आत्याने विचारलं.

“नाही गं.”

“मग टीव्ही एवढा मोठा कशाला घेतलास?”

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात मुख्यमंत्री दिसले.

“अरुण सरनाईक! देखणा माणूस. गेला ना रे हा?”

“गेले. 1984 ला. अपघातात.”

“अगंबाई. आणि लागू?”

“2019.”

“निळूभाऊ?”

“2009.”

रीमा लागू दिसल्या तशी आईने निवडायची मेथी बाजूला ठेवली. “ही तर काल-परवा गेली,” ती म्हणाली. मुख्यमंत्र्यांची खुर्ची राहते की जाते हा पडद्यावरचा प्रश्न मागे पडला आणि कोण राहिलंय याची मोजदाद सुरू झाली. काका तर जन्मसालंही विचारायला लागले. मग अचानक तरुण नाना पाटेकर पडद्यावर आला आणि खोलीत चैतन्य पसरलं. “हा आहे!” आत्या ओरडली. छोट्याशा भूमिकेवर नानाचं असं स्वागत तेव्हाच्या थिएटरातही झालं नसेल.

आत्याची खरी अडचण मात्र निळू फुल्यांची. यात ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. सगळीकडे जातात, बघतात, ऐकतात. पण निळूभाऊ नुसतं ऐकून घेतायत, हे आत्याला पटेना. तिच्या तरुणपणी पडद्यावर निळूभाऊ आले की बायका पदर सारखा करायच्या. “हा आत्ता काहीतरी करणार बघ,” असं ती दर दहा मिनिटांनी बजावत राहिली. शेवटी ते सगळं राजकारण बघून दिगूचं डोकं फिरतं आणि तो वेड्यासारखा हसत सुटतो. आत्या समाधानाने पाय पोटाशी घेऊन म्हणाली, “बघ. मी म्हटलं नव्हतं?”

‘कोर्ट’च्या वेळी मी शहाणपणाने आत्याला वगळून तरुण पिढी बसवली. चैतन्य ताम्हाणेच्या या सिनेमात कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि माणसं त्याच्यासमोर आपापल्या गतीने जगत राहतात. मला त्यात जे सुख मिळतं ते पुतण्याला मिळालं नाही. “काका, अडकलंय,” म्हणत तो उठला आणि राउटर बंद करून चालू करून आला. दोनदा. वहिनीला मात्र सरकारी वकीलबाई आवडल्या. कोर्टातलं आटपून लोकलने घरी जाऊन पुन्हा स्वयंपाकाला लागणारी बाई बघून ती म्हणाली, “ही खरी आहे.” समीक्षा म्हणून हे वाक्य मला अजूनही पुरेसं वाटतं.

पुढे कोर्टाला सुट्टी लागते. सगळे बाहेर पडतात, दिवे बंद होतात, दार लागतं आणि पडदा काळा होतो. चांगला काळाच राहतो. मी श्वास रोखून बसलो होतो. घरात कोणीतरी ट्यूब लावली. भाऊ “छान होता, वेगळा होता” म्हणत आळोखेपिळोखे देऊ लागला, वहिनीने आत जाऊन कुकर चढवला. एवढ्यात न्यायाधीश महाराज सहलीला निघाले.

“हे काय लागलं दुसरं?”

“दुसरं नाही, तोच आहे.”

“मग मघाशी संपला तो कुठला?”

कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’ लावला तेव्हा कोकणातले काका मुक्कामाला होते. लांबी 207 मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास, हे ऐकून ते म्हणाले, “तेवढ्यात माझी लावणी होईल.” मग सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि आरामखुर्चीत झोपले. सात समुराई जमले, गावाला कुंपण घातलं, दरोडेखोर आले, भर पावसात तुंबळ लढाई झाली. काकांची लय बिघडली नाही. जाग आली ती शेवटी, जपानी शेतकरी गाणी म्हणत भात लावत होते तेव्हा. काका ताठ बसले. “झाली की नाही लावणी?” म्हणाले आणि चष्मा लावून रोपांतलं अंतर बघू लागले. कुरोसावाला आमच्या घरातून मिळालेली दाद एवढीच : “रांगेत लावतायत. चांगली पद्धत आहे.”

घरच्यांचा सिनेमा म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’. 1988 पासून घराघरांत तोच. तो बघायला पडद्यासमोर बसावंही लागत नाही. आई स्वयंपाकघरातून वाक्य टाकते, अशोक सराफ मागून येऊन तेच म्हणतात. पुतण्या राउटरला हात लावत नाही, काका जागे असतात. आणि लक्ष्या गेला, सुधीर जोशी गेले, सिद्धार्थ रे गेला, तरी हा सिनेमा चालू असताना ‘गेला ना रे हा?’ असं आत्याने एकदाही विचारलेलं नाही.

परवा तो पुन्हा लागला होता. सगळे एका सुरात संवाद म्हणत असताना मी सहज म्हटलं, “मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मधली बरं का. 1966 चा. त्यातही भाड्याच्या खोलीसाठी…”

“भावजी,” वहिनी म्हणाली, “गप्प बसायचं काय घ्याल?”