जुनी स्पीडबोट घेताय? इंजिन नंतर बघा, आधी मागची फळी ठोका

मे महिना लागला की मालवण-तारकर्लीपासून काशिद-अलिबागपर्यंत आणि खाली गोव्यात जुन्या फायबर स्पीडबोटी विकायला निघतात. वॉटर स्पोर्ट्सचा हंगाम संपत आलेला असतो, पावसाळाभर बोट ठेवायची कुठे हा मालकापुढे प्रश्न असतो. पहिल्यांदाच बोट घेणाऱ्याला सोळा फुटांची बोट, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि वर ताजा पांढरा-निळा रंग, असं सगळं परवडणाऱ्या भावात दिसतं. तो इंजिन चालू करायला सांगतो. दुसऱ्या दोरीला इंजिन सुरू होतं आणि तिथेच व्यवहार ठरतो.

हा क्रम साफ उलटा आहे. इंजिन सुटी वस्तू आहे. चार बोल्ट काढले की खाली येतं, बिघडलं तर दुरुस्त होतं, नाहीतर दुसरं लावता येतं. यामाहाचं एन्ड्युरो ४० तर किनाऱ्यावर इतकं दिसतं की पार्ट आणि मेकॅनिक दोन्ही मिळतात. बोटीच्या पोटात बंद असलेलं लाकूड असं बदलता येत नाही. फायबरची बोट म्हणजे सगळी फायबरचीच, हा नवख्या मालकाचा सगळ्यात महागडा गैरसमज. इंजिन ज्या फळीवर टांगतात ती ट्रान्समची फळी, तळाला लांबीच्या दिशेने जाणारे स्ट्रिंगर आणि पायाखालची फरशी, या तिन्हींच्या आत जुन्या बोटीत बहुतेक वेळा प्लाय किंवा लाकूड असतं. ते कुजलं तरी वरचा फायबर चकचकीतच राहतो.

ते कुजवतं कोण? खारं पाणी नव्हे, पावसाचं. लाकूड खाणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, मीठ मानवत नाही. कोकणात अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. त्यात मागच्या फळीतल्या पाणी काढायच्या भोकाला बूच लावलेली बोट वर ताडपत्री टाकून चार महिने उघड्यावर पडली, की फरशीखाली पाणी साठतं आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकातून आत झिरपतं. हंगामात रोज समुद्रात राबलेली बोट त्यामानाने बरी निघते. दोन पावसाळे माडाखाली पडून राहिलेली, "फारशी वापरलेलीच नाही" म्हणून विकली जाणारी बोट जास्त संशयाने बघा.

तपासणी अशी करा. लाकडी किंवा प्लास्टिकचा हातोडा घ्या आणि ट्रान्सम चार-चार बोटांच्या अंतराने ठोकत जा. कोरडं लाकूड टणक, स्वच्छ आवाज देतं. कुजलेल्या जागी आवाज भद्द येतो आणि हातोडा उसळी घेत नाही. खालचे दोन कोपरे, बुचाच्या भोवती आणि इंजिनाच्या बोल्टखाली विशेष लक्ष द्या. मग इंजिन खाली सोडलेलं असताना प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट धरून जोर लावा आणि दुसऱ्या माणसाला फळीच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. फळी हलताना दिसली की निकाल लागला. शंका उरली तर मालकाची परवानगी घेऊन आतल्या बाजूने, खालच्या भागात ६ मिलीमीटरची दोन-तीन भोकं पाडा. भुसा फिकट आणि कोरडा आला तर उत्तम. काळपट, ओला, कुबट वासाचा आला तर ट्रान्सम नवा करायचा आहे, हे धरून भाव करा. भोकं पाडू न देणाऱ्या मालकाची बोट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजनाकडेही बघा. बोट तरंगावी म्हणून फरशीखाली भरलेला फोम वर्षानुवर्षं पाण्यात राहिला की पाणी पितो आणि सोडत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, म्हणजे ४० एचपीच्या इंजिनापेक्षा जास्त ओझं. अशी बोट पूर्ण थ्रॉटलला नाक वर करून रखडते, आणि मालक बिचारा कार्ब्युरेटर साफ करत बसतो.

बोट घेतलीच, तर कामाचं वेळापत्रक हवेवर बेतायचं. दसऱ्यानंतर फरशी उघडा, ओला फोम काढून टाका, बूच काढून पुढचं टोक उंच ठेवा आणि वारा खेळू द्या. रेझिनचं, म्हणजे फायबरचे थर ज्या द्रवाने चिकटवून घट्ट करतात त्याचं काम थंडी ते शिमगा या काळात उरका. पावसाळ्यात हात लावू नका; दमट हवेत पृष्ठभागावर ओल धरते आणि नवा थर जुन्याला पकडत नाही. थंडीतही किनाऱ्यावर सकाळी दव असतं, ते पूर्ण वाळल्यावरच सुरुवात करावी.

फरशी उघडण्याआधी एक गोष्ट विसरू नका: बोटीला खालून नीट टेकू द्या. तीन-चार ठिकाणी, कण्याखाली (तळाच्या मधल्या रेषेखाली) आणि दोन्ही बाजूंना, तळाच्या आकाराचे. फरशी आणि स्ट्रिंगर हेच बोटीचा आकार धरून ठेवतात. ते काढल्यावर बोट दोन टायरांवर राहिली तर तळाला बाक येतो, आणि नवे स्ट्रिंगर बसवलेत की तो बाक कायमचा होतो. मागच्या पाच-सहा फुटांत तळ आत वळला तर बोट नाक खाली घालून पळते आणि वळणावर ओढते. बाहेर फुगला तर सपाट पाण्यावरही बेडकासारख्या उड्या मारते. म्हणून सगळे स्ट्रिंगर एकदम उपटू नका. एक काढा, तो बसवा, मग दुसरा. रोज तळाला कण्याजवळ दोरी ताणून रेषा बघा.

आता ट्रान्सम. सोळा फुटी बोटीची फळी साधारण सहा फूट बाय दोन फुटांत बसते, म्हणजे ८ बाय ४ च्या एका शीटमधून दोन तुकडे निघतात. प्लाय १८ मिलीमीटरचा, आणि त्यावर आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) चा शिक्का हवा. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे. दुकानदार "तेच आहे" म्हणाला तरी घेऊ नका. बाहेरचा फायबर शाबूत ठेवून आतला थर कापा, कुजका प्लाय छिन्नीने काढा आणि मूळ फायबर ग्राइंडरवर ४० नंबरची चकती लावून खरखरीत होईपर्यंत घासा. पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा हवाच. फायबर म्हणजे काचेचे धागे, त्यांची धूळ फुप्फुसात जाते. दोन्ही तुकडे रेझिनच्या लगद्याने एकमेकांना चिकटवा, मग बाहेरच्या फायबरवर चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा, रेझिनने भिजवलेला मॅट (सुट्या काचधाग्यांची चादर) लावून त्यावर फळी दाबा आणि क्लॅम्प आवळा. कडेने लगदा समान बाहेर यायला हवा. जिथे आला नाही तिथे पोकळी आहे, आणि पोकळीत पाणी येणारच.

फळी आणि तळ यांचा कोन काटकोन ठेवायचा नाही. मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवेची नळी राहते. रेझिनमध्ये एरोसिल (सिलिकाची बारीक पूड) घालून लोण्याइतकं घट्ट करा आणि कोपऱ्यात १५-२० मिलीमीटर त्रिज्येचा गोलवा द्या. त्यावर मॅट आणि रोव्हिंग (विणलेलं काचेचं कापड) आलटून-पालटून, मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट असे पाच थर, मॅट ४५० आणि रोव्हिंग ६०० ग्रॅमचं, आणि प्रत्येक थर बाजूंवर व तळावर किमान सहा इंच चढलेला. याची जाडी चार-साडेचार मिलीमीटर होते. मॅट स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन पितो, रोव्हिंग जवळपास स्वतःइतकंच. म्हणजे या पाच थरांना चौरस मीटरला सव्वाचार किलो. सगळं धरून एका ट्रान्समला १५ किलो रेझिन जवळ ठेवा, आणि ते आयसोच (आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर) घ्या. साधं रेझिन स्वस्त पडतं, पण पाण्यापुढे आयसो जास्त टिकतं.

रेझिन घट्ट करणारं हार्डनर किलोला १० ते १५ मिली. चौतीस अंशांच्या दुपारी दहाच्या वर जाऊ नका, आणि एका वेळी किलोपेक्षा जास्त कालवू नका. बादलीत उरलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने धुमसायला लागतं. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो द्रव) आणि हार्डनर हे दोन द्रव कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. पेट घेतात, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर टाकायचा. दोन्हींची मापं वेगळी, बाटल्या वेगवेगळ्या शेल्फवर. हाताखाली पोरं असतील तर हे त्यांना पहिल्या दिवशी सांगा.

नव्या फळीत इंजिनाच्या बोल्टांची भोकं पाडताना बहुतेक जण सरळ १२ मिलीमीटरचं ड्रिल घालतात, आणि पुढच्या पाच वर्षांची कुज त्याच दिवशी सुरू होते. योग्य पद्धत अशी: आधी २० मिलीमीटरचं भोक पाडा, आतून कोरडं करा, एका बाजूला टेप लावा आणि घट्ट केलेलं इपॉक्सी रेझिन काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध १२ चं भोक. आता बोल्टभोवती चार मिलीमीटर इपॉक्सीची भिंत आहे, सील गळलं तरी पाणी लाकडाला शिवत नाही. बुचाचं भोकही असंच करा. किंबहुना तेच आधी करा, कारण सर्वांत जास्त ट्रान्सम बुचापासून कुजलेले असतात. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, खाली पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, ते नीट धरत नाही आणि एकदा लागलं की त्या जागेवर पुढे रंगही धरत नाही.

काढलेल्या फोमच्या जागी काहीतरी तरंगणारं परत टाकलंच पाहिजे. इथे लोक थर्मोकोल भरतात. पॉलिस्टर रेझिन लागलं की थर्मोकोल विरघळतो, पेट्रोल लागलं तरी विरघळतो. बंद कप्प्यात दोन द्रव मिसळून फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरा. हिशेब सोपा आहे. तीनशे किलोची फायबर बोट पाण्यात बुडाल्यावर सुमारे शंभर किलोच भरते, इंजिन पाण्यात पन्नास-पंचावन्न, बॅटरी-नांगर वीस. म्हणजे १७५ लिटर फोम बोट जेमतेम वर धरतो. धरून राहणाऱ्या माणसांसाठी २५० ते ३०० लिटर ठेवा. तो तळात न भरता बाजूंना काठाखाली आणि मागे भरा, म्हणजे पाणी भरलं तरी बोट पालथी होत नाही.

इंजिनाचं आता थोडक्यात, कारण त्यावर मेकॅनिक मिळतो. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा; दोन सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर हेड उघडावं लागेल. इंजिन केरोसीनवरचं आहे का ते आधी विचारा, त्याचं कॉम्प्रेशन मुळातच कमी असतं. रात्रभर उभं ठेवून सकाळी गिअरकेसचा खालचा स्क्रू सैल करा. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ आलं तर सील गेले. पाण्याच्या पंपाचा इंपेलर (रबरी पात्यांचं चाक) न बघताच बदला. जुन्याचं पातं तुटलेलं दिसलं तर तो तुकडा वरच्या नळीत शोधा. तोच अडकून इंजिन तापतं. २०२३ पासून पंपांवर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल येऊ लागलं आहे, ते जुने रबरी पाइप आणि पेट्रोल चढवायला हाताने दाबतात तो बल्ब मऊ करतं आणि हवेतलं पाणी ओढतं. पाइप, बल्ब, फिल्टर नवे लावा आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल ठेवू नका. पेट्रोल-तेल ५०:१ ला लिटरमागे २० मिली टीसी-डब्ल्यू३, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक बोट-इंजिनाचं तेल. मोटरसायकलचं टू-टी नको. खाडीत बोट राहणार असेल तर ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) ॲल्युमिनियमचा, धरणाच्या पाण्यात मॅग्नेशियमचा. त्यावर रंग मारू नका, मारलात तर तो कामच करत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. विक्रीआधीचा ताजा रंग दिसला तर तो कशावर मारलाय, हे आधी विचारा.

कागद मात्र पैसे देण्याआधी बघा. महाराष्ट्रात सागरी मंडळाची, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सची नोंदणी, आणि त्यावरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनाशी जुळायला हवा.

पहिली चाचणी जेट्टीजवळ, फेरीबोटींच्या वाटेवर करू नका. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर आदळलेली स्पीडबोट इंजिनच्या चाचणीवरच होती. मोकळं पाणी, भरती, सोबत दुसरी बोट, अंगावर लाइफ जॅकेट, किल कॉर्ड (चालक पडला की इंजिन बंद करणारी दोरी) मांडीला किंवा मनगटाला, बोटीत वल्ही आणि नांगर. आधी अर्धा तास हळू, इंजिन थंड करून मागे पडणारी पाण्याची धार बघत. मग पूर्ण थ्रॉटल. आरपीएम प्लेटवरच्या कमाल आकड्यापर्यंत पोचत नसेल तर प्रोपेलरचा पिच (एका फेरीत पुढे जाण्याचं अंतर) जास्त आहे. एक इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात.

दहा तास चालवल्यावर ट्रान्समचे बोल्ट पुन्हा आवळा आणि हातोडा घेऊन फळी पुन्हा ठोका. बोट वर काढून बूच उघडा. पाणी आलं आणि त्यावर तेलाचा तवंग नसेल, तर बोटाने जिभेला लावून बघा. खारट लागलं तर गळती तळाला किंवा बुचाशी आहे, गोडं लागलं तर वरून, डेकच्या सांध्यातून.