कॅटरपिलर डी 2 ट्रॅक्टरच्या स्टार्टिंग इंजिन आणि क्लचच्या कामाबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं: क्लच फक्त टाइट करून द्या सांगितलं होतं, आम्ही अख्खं स्टार्टिंग इंजिन (मोठं डिझेल इंजिन सुरू करणारं छोटं पेट्रोल इंजिन) खोललं, बिल वाढवलं, आणि तरीही क्लच परत स्लिप होतोय. शिवाय एवढ्या पैशात सेल्फ बसला असता. नवीन बिल भरल्यावर क्लच स्लिप झाला की राग येणारच, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लच टाइट करून भागलं नसतं. छोट्या इंजिनाचं ऑइल काढलं तेव्हा ते पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला पेट्रोलचा वास होता. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल रोखणारी फ्लोटची निडल नीट बसत नव्हती, कॉक उघडा राहिला की पेट्रोल झिरपून क्रँककेसमध्ये उतरायचं. अशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत, आणि तुमची तर वाजायलाच लागली होती. हे दिसल्यावर वरवरचं काम करून गाडी परत देणं आमच्याच्याने झालं नसतं. तुम्हाला तेव्हाच फोन करून विचारलं होतं, तुमचा होकार आल्यावरच पुढे खोललं.

खरी काळजी पिनियनची होती, म्हणजे छोट्या इंजिनाला मोठ्याच्या फ्लायव्हीलशी जोडणाऱ्या लहान गिअरची. डिझेल पेटून वेग घेऊ लागलं की वेगाच्या जोरावर पिनियनला धरून ठेवणारे लॅच सुटतात आणि पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांतून बाहेर येतो. तुमच्या लॅचची टोकं झिजून गोल झाली होती. पिनियन आत अडकला आणि क्लचही लागलेला असला, तर मोठं इंजिन त्या छोट्या इंजिनाला त्याच्या ताकदीबाहेर फिरवतं. त्यात ब्लॉकच्या चिंधड्या उडतात, जवळ उभ्या माणसाला इजा होते. या कामात आम्ही काटकसर करत नाही, कुणी सांगितलं तरी.

आता स्लिपबद्दल. क्लचचं नवीन लायनिंग (घासणारा थर) सुरुवातीला बसतं, म्हणजे थोडं घासून सपाट होतं, आणि क्लच ढिला पडतो. लिव्हर ओढताना शेवटी खटकन बसला पाहिजे. तो मऊ जात असेल तर इंजिन बंद करून लॉक पिन सोडायची, ॲडजस्टिंग रिंग थोडी फिरवायची, पिन परत खाचेत बसवायची. डिलिव्हरीच्या वेळी हे सांगितलं होतं, पण घाईत राहून जातं. पहिल्या काही दिवसांत हे एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं. ढिल्या क्लचवर जोर लावत राहिलात तर मात्र नवीन लायनिंग जळेल, तेव्हा क्लच ॲडजस्ट होईपर्यंत स्टार्ट करू नका.

सेल्फचं म्हणाल तर बसवता येतो. पण या ट्रॅक्टरमध्ये दोन्ही इंजिनांचं पाणी एकच आहे आणि छोट्याचा गरम एक्झॉस्ट डिझेलच्या इनटेक मॅनिफोल्डमधून जातो. कॉम्प्रेशन सोडून (सिलिंडरमधला दाब मोकळा करून) डिझेल निवांत फिरवत ठेवता येतं, ऑइल प्रेशर येतं, इंजिन कोमट होतं, मग कॉम्प्रेशनचा लिव्हर टाकला की पेटतं. थंडीत हे सुख सेल्फ देत नाही. 1938 ते 1957 पर्यंत बनलेल्या डी 2 मधला हा भाग मला तरी काढवत नाही.

आमचा मेकॅनिक तुमच्याकडे येऊन क्लच ॲडजस्ट करून देईल, त्याचे पैसे नाहीत. तुमचे जुने लॅच आणि बेअरिंग इथे ठेवलेत, तेही तो घेऊन येईल. दिवस तुम्ही कळवा, आणि पुढे दर वेळी काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत छोटं इंजिन चालू द्या.