भालूची भोवळ

गेल्या जानेवारीतल्या एका पहाटे स्वयंपाकघरात काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. उठून पाहिले तर आमचा 14 वर्षांचा कुत्रा भालू ओट्याखाली आडवा पडलेला होता आणि उठू पाहिले की पुन्हा डाव्या कुशीवर कोसळत होता. मान डावीकडे कललेली होती, तोंडातून लाळ गळत होती, समोर पिवळसर उलटी होती. पण मी खरा हादरलो तो त्याचे डोळे पाहून. दोन्ही बुबुळे सावकाश डावीकडे सरकत आणि झटक्याने उजवीकडे येत, आणि हे अखंड चालू होते. आदल्या रात्री हाच कुत्रा गंगापूर रोडवरच्या आमच्या गल्लीत दोन फेऱ्या मारून आला होता.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू कांदा फोडूनच घेऊन आल्या. "फिट आली असेल, हुंगवा आधी." कांद्याला नाशिकमध्ये काय तोटा! (कांदा कुत्र्याच्या पोटात जाऊ देऊ नये, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हुंगवून मात्र काहीच होत नाही, चांगलेही नाही आणि वाईटही नाही.) खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यातूनच म्हणाले, "पिसाळला तर नाही ना?" त्यांचा मला राग आला नाही. आपल्याकडे झोकांड्या खाणारा, लाळ गाळणारा कुत्रा पाहून ही शंका यायलाच हवी. दरवर्षीच्या रेबीज लसीच्या नोंदी असलेले कार्ड मी त्यांच्या हातात दिले आणि तो विषय तिथे मिटला.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या डॉक्टरांकडे आम्ही भालूला नेत असू, त्यांनी त्याला न पाहता फोनवरच सांगितले, "लकवा आहे. वय झालंय त्याचं. घेऊन या, मोकळं करून टाकू." आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मला ते पटलेही होते. चादर हातात घेऊन मी गाडीची किल्ली शोधत होतो. मुलगी आडवी आली म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी घाई केली नाही. कानात नळी घालून पडदा पाहिला, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते तपासले. मग भालूला पोटाखालून उचलून धरून त्याचा एकेक पंजा उलटा, म्हणजे पाठीवर दुमडून, टेबलावर टेकवला. प्रत्येक वेळी त्याने तो लगेच सरळ केला. या साध्या वाटणाऱ्या परीक्षेत बरेच काही कळते. बिघाड मेंदूत असेल तर पंजा बऱ्याचदा तसाच उलटा राहतो, कुत्रा गुंगीत दिसतो, बुबुळे कधी कधी वरखाली फिरतात. भालू घाबरलेला होता, पण पूर्ण शुद्धीवर होता आणि हाकेला कान टवकारत होता. त्यांचे मत पडले की बिघाड आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये अचानक उद्भवणाऱ्या या आजाराला इडिओपॅथिक वेस्टिब्युलर सिंड्रोम म्हणतात. इडिओपॅथिक म्हणजे ज्याचे कारण सापडत नाही असा. बाई सोप्या भाषेत म्हणाल्या, "त्याला कसारा घाटात गाडी लागलीय असं समजा, फक्त घाट संपत नाहीये."

कानातला संसर्ग, थायरॉइडची कमतरता, गोचीडताप यांसाठी तपासण्या झाल्या. घरी जुलाबासाठी कोणती गोळी दिली होती का, हेही त्यांनी खोदून विचारले, कारण मेट्रोनिडाझोल जास्त मात्रेत किंवा फार दिवस दिल्यास अशीच लक्षणे दिसू शकतात. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण माणसांच्या डब्यातली ती गोळी कुत्र्याला अंदाजाने देणारी घरे मला माहीत आहेत. कानात मनानेच थेंब टाकण्याचेही तसेच. पडदा फाटलेला असेल तर काही औषधे आतल्या कानाला इजा करतात. एमआरआयसाठी मुंबईपर्यंतचे सुमारे 170 किलोमीटर त्याला या अवस्थेत नेण्यापेक्षा 72 तास थांबून पाहू, सुधारणा नसेल तर मग नेऊ, असे ठरले. मळमळीचे इंजेक्शन आणि सलाईन, एवढाच उपचार.

ते तीन दिवस कठीण गेले, हे लपवत नाही. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय ठरेनात म्हणून मखमलाबादच्या मेहुण्याच्या द्राक्षबागेतून गोणपाटे आणून हॉलभर अंथरली. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, टॉवेल पोटाखालून घालून शू करायला उभे धरायचे, छातीवर नीट बसवून कुस्करलेला भात बोटाने भरवायचा. आडवे पडून खाल्ले तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रात्री दिवा चालू ठेवायचा, कारण तोल गेलेल्या जीवाला अंधारात डोळ्यांचाही आधार राहत नाही. दुसऱ्या रात्री पत्नी म्हणाली, "मला त्याचे हाल बघवत नाहीत." तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या फोननंतर मलाही हेच बघवत नव्हते आणि त्यालाच मी भालूची सुटका म्हणत होतो. हा आजार पहिल्या दिवशी सर्वांत भयंकर दिसतो आणि नेमका त्याच दिवशी आपण निर्णय घ्यायला बसतो.

सगळ्यांचे असेच होईल असे मी म्हणणार नाही. गाठ असेल, मेंदूला मार बसला असेल, तीन दिवसांत कुत्रा अधिकच खालावत गेला, तर त्याला शांतपणे जाऊ देणे हाही प्रेमाचाच भाग आहे आणि तसे करणाऱ्या कोणाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझी तक्रार फक्त न पाहता फोनवरून सुनावलेल्या निकालाबद्दल आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बुबुळे स्थिरावली. पाचव्या दिवशी तो भिंतीला घासत दारापर्यंत गेला आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गल्लीत, झिंगल्यासारखा का होईना, फिरू लागला. मान अजून डावीकडे थोडी कललेली आहे आणि ती तशीच राहू शकते असे बाईंनी सांगून ठेवले आहे. पाणी पिताना त्याचे भांडे सरकते म्हणून ते आता कोपऱ्यात दोन्ही भिंतींना टेकवून ठेवतो. गोणपाटे मात्र हॉलमध्येच आहेत, आणि आलेले पाहुणे त्यांना अडखळतात.