पिस्तूल नवं घेतलंय? आधी ते रिकामं करायला शिका

परवाना झाला, बत्तीस बोरचं पिस्तूल घरी आलं, की ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायचं म्यान, कुठलं घेऊ? दुसरा, गोळ्या किती मिळतील? रिकामं कसं करायचं हे कुणी विचारत नाही. त्यात काय शिकायचंय, असं प्रत्येकालाच वाटतं. माझं मत विचाराल तर नव्या माणसाला चोरापेक्षा स्वतःच्या हाताळण्याचा धोका जास्त. त्यामुळे पिस्तुलाला हात जितका कमी लागेल तितकं बरं, आणि लागेल तेव्हा क्रम एकच.

तो क्रम असा. बोट ट्रिगरच्या बाहेर, फ्रेमला चिकटून सरळ. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढून बाजूला ठेवा. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, पूर्ण मागे ओढा, चेंबरमधली (नळीच्या मागच्या खोबणीतली) गोळी बाहेर पडू द्या. स्लाइड मागेच धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. बऱ्याच छोट्या पिस्तुलांना स्लाइड अडकवायची वेगळी कळ नसते, तेव्हा ती हातानेच धरून ठेवावी लागते. कंटाळा करू नका.

क्रम उलटा झाला की काय होतं ते नीट समजून घ्या. आधी स्लाइड ओढली, गोळी उडून गादीवर पडली. स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये गेली. आता मॅगझिन काढलं. समोर गादीवर गोळी, हातात मॅगझिन, म्हणजे पिस्तूल रिकामं अशी खात्री पटते. मग खोलण्यासाठी किंवा घोडा उतरवण्यासाठी ट्रिगर दाबला जातो. काही मॉडेलं मॅगझिनशिवाय उडत नाहीत, पण आपलं त्यातलं आहे की नाही यावर पैज लावायची गरज काय?

हे सगळं करायचं कुठे, हा फ्लॅटमधला खरा प्रश्न. घोडबंदर रोडच्या बावीसाव्या मजल्यावर ‘सुरक्षित दिशा’ कुठली? खाली माणसं, वर माणसं, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा बेडरूम. बत्तीसची गोळी फार ताकदीची नाही असं म्हणतात, पण लाकडी दार आणि जिप्समचं पार्टिशन तिला अडवत नाही. वीस लिटरची बादली कोरड्या वाळूने काठोकाठ भरा, कोपऱ्यात ठेवा आणि भरणं-रिकामं करणं नळी त्या वाळूकडे करूनच करा. पलंगावर बसून, टीव्हीसमोर, मांडीवर घेऊन अजिबात नाही. आणि हातातून निसटलं तर पडू द्या. झेलायला गेलात की बोटं नेमकी ट्रिगरवर जातात. पण पडूनही उडू शकतं, विशेषतः जुन्या बनावटीचं. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, ती बातमी सगळ्यांनी वाचली आहे. परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, त्यामुळे बाजारात फिरणारी जर्मन-बेल्जियन पिस्तुलं बहुतेक चाळीसेक वर्षांची किंवा त्याहून जुनी. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांना फायरिंग पिन ब्लॉक नाही, म्हणजे ट्रिगर न दाबता गोळीवर ठोका मारणारी पिन अडवणारी कळ नाही. म्हणून घरात चेंबर रिकामाच ठेवा. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील, पण माझं मत बदलणार नाही.

आता गोळ्यांकडे. आपल्याकडे ९ एमएम पॅराबेलम प्रतिबंधित बोअर आहे, म्हणून सामान्य परवानाधारकाच्या हातात बहुतेक .३२ च येतं. पण .३२ दोन प्रकारचं. पिस्तुलाची गोळी म्हणजे ७.६५ × १७ (व्यास आणि पुंगळीची, म्हणजे धातूच्या कवचाची, लांबी, मिलिमीटरमध्ये), पूर्ण लांबी जास्तीत जास्त २५ मिलिमीटर, बुडाशी खाच आणि कड अगदी थोडी बाहेर. रिव्हॉल्व्हरची गोळी लांब, कड ठसठशीत. रिव्हॉल्व्हरची मॅगझिनमध्ये बसणारच नाही, पण पिस्तुलाची काही रिव्हॉल्व्हरांत सहज जाते आणि तिथे ती वापरायची नसते. घरात दोन्ही शस्त्रं असतील तर डबे वेगळे, खुणा वेगळ्या.

ती थोडी बाहेर आलेली कड मात्र एक नेहमीचा घोळ घालते. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे बसायला हवी. मागे बसली तर दोन्ही एकमेकींत अडकतात, स्लाइड कितीही जोरात आली तरी वरची सुटत नाही. भरून झाल्यावर वरच्या गोळीचं टोक अंगठ्याने दाबून बघा, खाली जाऊन परत आलं पाहिजे. नाही आलं तर सगळ्या काढून पुन्हा भरा. पिस्तूल खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी हे बघा.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सकाळी भरायचं, रात्री रिकामं करायचं, आणि दर वेळी तीच गोळी चेंबरमध्ये. प्रत्येक वेळी तिचं नाक रॅम्पवर, म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, आपटतं आणि बुलेट, म्हणजे पुढचा उडणारा भाग, पुंगळीत जरा जरा आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. त्या गोळीशेजारी डब्यातली कोरी गोळी उभी करून बघा. आखूड दिसली तर ती वापरू नका, वेगळी ठेवा आणि विक्रेत्याला दाखवा.

रेंजवर छोट्या पिस्तुलाचे दोष जास्त दिसतात, कारण स्लाइड आखूड, स्प्रिंग कडक आणि करंगळीला जागा नाही. रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत, म्हणजे ती जिथून बाहेर पडते तिथे, उभी अडकते त्याचं कारण बऱ्याचदा ढिलं मनगट असतं. फ्रेम हातासोबत मागे गेली की स्लाइडला पूर्ण मागे जायला जोर उरत नाही. स्लाइड ओढताना वरून मागच्या खाचांवर पंजा ठेवा, नळीकडचा भाग पकडू नका. दुसऱ्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच नको, रिव्हॉल्व्हर चालवलेल्यांना ही सवय असते आणि स्लाइड कातडं सोलून काढते. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग क्रमाने रिकामं करा. फुसका आवाज आला आणि धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. बुलेट नळीत अडकलेली असू शकते. त्यामागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. जुन्या, दमट जागी ठेवलेल्या गोळ्यांत हा प्रकार होतो. सरावाला जागा कमी हे खरं, ठाण्यात दहा मीटरच्या एअर रेंजच जास्त. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन किंवा पुण्याचं बालेवाडी, तिथल्या नियमांची चौकशी करा. येऊरच्या जंगलात जाऊन ‘टेस्ट’ करायची कल्पना डोक्यातून काढून टाका.

खाडीकाठची हवा हा आपला खास शत्रू. ऐरोली, वाशी, बेलापूर, कळवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लोखंडाची काय कथा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून पिस्तूल ठेवणं. चामडं ओल धरतं आणि त्यातले कमावण्याचे क्षार पोलादाला खातात. फोम लावलेला सुंदर डबाही तेच करतो. एसीच्या थंड खोलीतून पिस्तूल एकदम बाहेर काढलं की त्यावर दव जमतं, ते पुसून मगच ठेवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं फिरवा. रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा आणि रंग उतरला की तापवून पुन्हा वापरा. तेल मात्र बेताने: स्लाइड ज्यांवरून सरकते त्या दोन्ही रेल्सवर एकेक थेंब, नळीला बाहेरून पुसट थर, चेंबर कोरडा. फायरिंग पिनच्या भोकात तेल ओतलं की ते चिकटून बसतं आणि पिनचा ठोका हलका पडतो. गोळ्यांवर तर गंजरोधक स्प्रे अजिबात नको, तो प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाच्या पेट घेणाऱ्या टोपीत, झिरपला की गोळी मेली.

तिजोरी भिंतीला बोल्टने आवळायची असते. नव्या टॉवरच्या आतल्या भिंती हलक्या, सच्छिद्र एएसी काँक्रीट ब्लॉकच्या, त्यात साधा अँकर बोल्ट धरत नाही, हाताने ओढला तरी सुटतो. आरसीसी कॉलम शोधा, नाहीतर केमिकल अँकर वापरा. गोळ्या वेगळ्या कुलपात. किल्ली देवघराच्या खणात ठेवू नका, ती जागा घरातल्या पोरांना आधी माहीत असते.

कंबरेला नुसतं खोचणं, हळदीला आकाशात झाडणं, रीलमध्ये मिरवणं यावर काय बोलायचं? शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जीव धोक्यात घालणाऱ्या अशा हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तिनावरून दोनावर आणली आणि परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षं केली. पाच वर्षांत माणूस तारीख विसरतो, तेव्हा नूतनीकरणाचं रिमाइंडर फोनवर आधीच लावून ठेवा. कळव्याहून खारघरला घर बदललं तर पोलीस आयुक्तालय बदलतं, मीरा रोडला गेलात तर तिसरंच. पत्ता लगेच कळवा. परवाना महाराष्ट्रापुरता आहे की देशभराचा, हेही गोव्याला निघायच्या आधी वाचा.

आणि निवडणूक. पोलिसांकडून शस्त्र जमा करायचा आदेश आला तर हुज्जत नको, पण जमा करण्याआधी साफ करून जरा जास्तच तेल लावा, ते किती दिवस तिथे पडून राहील सांगता येत नाही. पोचपावतीवर शस्त्राचा नंबर, मॅगझिन किती, गोळ्या किती हे लिहून घ्या. परत घेताना नंबर ताडा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझिन काढा, स्लाइड ओढून चेंबर बघा, गंजाचे डाग तपासा आणि मगच सही करा.