दुधाचेच दात, पडणारच की!

रामबागेतल्या माझ्या क्लिनिकात हे वाक्य रोज कानावर येतं. एरवी मी हसून सोडून देते. पण पोराचे ओठ जांभळट, बोटांची टोकं फुगलेली आणि मागच्या दाढांत काळे खड्डे दिसले, की नाही सोडत.

हृदयात जन्मतः दोष असलेल्या सगळ्याच मुलांबद्दल बोलत नाहीये. साधं छिद्र असेल तर किडक्या दातांतले जंतू मेंदूत जाऊन तिथे पू होण्याची भीती फारशी नसते. प्रश्न निळ्या पडणाऱ्या मुलांचा, विशेषतः टेट्रॉलॉजी ऑफ फॅलोवाल्यांचा (म्हणजे हृदयात जन्मतः चार दोष एकत्र). फुप्फुसं म्हणजे रक्ताची गाळणीच, भटके जंतू तिथे अडकतात. या मुलांचं काही रक्त ती गाळणी चुकवून थेट मेंदूकडे जातं. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, दाट झालेलं रक्त बारीक वाहिन्यांत रेंगाळतं आणि जंतूंचं फावतं. जंतू पुष्कळदा तोंडातलेच: स्ट्रेप्टोकॉकस जातीचे, नाहीतर ॲग्रिगेटिबॅक्टर ॲफ्रोफिलस (नाव घेताना कवळी निसटावी!). तोंडात गुमान राहतात, मेंदूत पू करतात.

दुर्मिळ आहे, मान्य. पण झालं तर बहुतेकदा कवटीला भोक पाडून पू काढायचा, वर कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. त्यात ताप येईलच असंही नाही. नुसती डोकेदुखी, उलट्या. आपल्याकडे मे महिन्यात लगेच "लू लागली" म्हणून पन्हं पाजतात. अशा मुलाचं डोकं दुखायचं थांबत नसेल, झटका आला, एक हात लुळा वाटला, तर त्याच दिवशी सीटी किंवा एमआरआय करून घ्या.

माझा राग वेगळाच आहे. पोराच्या हृदयाची ही जाड फाइल, इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) ढीगभर रिपोर्ट आणि दातांबद्दल एक ओळ नाही! आमचे दातवाले तर 'हृदय' ऐकूनच हात वर करतात. अहो, अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 साली दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक कुणाला द्यायचं याचे नियम आवळले, तेव्हासुद्धा ऑपरेशन न झालेली निळी मुलं यादीत ठेवलीच. हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होऊ नये म्हणून दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यायचा. तेवढं करा आणि दाढ काढा की!

आणि आज्यांनो, प्रोप्रानोलॉलची (निळं पडण्याचे झटके येऊ नयेत म्हणून देतात ती) गोळी कुटून मधात चाटवायची आणि पोराला तसंच झोपवायचं, हे बंद करा. डॉक्टरांना विचारून गोळी पाण्यात द्या, मग ब्रश. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दात दाखवा, किडलेली दाढ तोंडात ठेवून टेबलावर जाऊ देऊ नका.