पासवर्ड विसरलात? अभिनंदन!

आपली ऑनलाइन खाती एकदा नीट लावून टाकू, असा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल, तर घाबरू नका. असे विचार रविवारी येतात आणि सोमवारी जातात. क्वचित एखाद्याच्या डोक्यात तो मुक्कामालाच उतरतो. हे चार शब्द अशा दुर्दैवी लोकांसाठी.

पहिली गोष्ट म्हणजे पासवर्ड एकच ठेवा. ईमेलला तोच, बँकेला तोच आणि कधीकाळी एकदाच बूट मागवले होते त्या दुकानालाही तोच. घर, गाडी, कपाट, तिजोरी सगळ्यांना एकच किल्ली असती तर केवढी सोय झाली असती! चोराचीही झाली असती म्हणा, पण आपण आधी आपलं बघावं. एक दिवस त्या बूटवाल्याची यादी फुटते. मग तुमचा ईमेल आणि पासवर्ड अशी जोडी घेऊन एक प्रोग्राम दारोदार फिरतो आणि हे कुठे कुठे लागतंय ते बघतो. तुमच्यासाठी कुणी चोर रात्र जागवत नाही हो. तेवढे आपण मोठे नाही. यंत्रच फिरतं.

पासवर्ड निवडताना बहुमताचा आदर करा. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडचे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते उघडेच ठेवले होते, जसेच्या तसे. त्यांत पहिला नंबर आला १२३४५६ चा. जवळजवळ २ लाख ९० हजार माणसांना स्वतंत्रपणे तेच सुचलं होतं. एवढी माणसं एका मताची झालेली तुम्ही शेवटची कधी पाहिली होती?

यावर कुणी शहाणा म्हणेल, मोठं अक्षर घाल, आकडा घाल, चिन्ह घाल आणि दर तीन महिन्यांनी बदल. ऐका त्याचं. हे नियम ज्यावरून जगभर पसरले तो दस्तऐवज अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेत बिल बर यांनी २००३ साली लिहिला होता. २०१७ साली त्यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला. संस्थेनेही त्याच वर्षी नियम फिरवले: लोकांना उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी बघा. पण आपण १४ वर्षं घोटलेलं असं कसं सोडायचं? नावाचं पहिलं अक्षर मोठं, मधे एक अ‍ॅट, शेवटी १. बदला म्हणाले की २. मी सध्या १७ वर आहे, आणि १८ काय असेल हे कुणाच्या बापालाही ओळखता येणार नाही.

चोरी होईल ही भीती मात्र बाळगू नका. ती होतेच, आणि पासवर्डइतकीच जुनी आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकावर मिळणारा वेळ पुरेना. इतरांचा वेळ वापरता यावा म्हणून त्याने यंत्रालाच सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापायला सांगितली. यंत्राने छापून दिली. सौजन्याची परंपरा आहे ही, आपण का मोडायची? फोनवर कुणी गोड आवाजात कोड विचारला तर सांगून टाका. घरचे तरी एवढ्या आपुलकीने बोलतात का?

आता मदतीचं. घरातलं एखादं तरुण माणूस गाठा. मी भाच्याला बसवलं.

"मामा, ईमेलचा पासवर्ड काय?"

"तो आठवत असता तर तुला बोलावलं असतं?"

त्याने 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. लिंक गेली माझ्या जुन्या ईमेलवर. जुन्या ईमेलचा पासवर्ड विसरलो होतो, म्हणून तिथेही तेच दाबलं. कोड गेला ४७ ने संपणाऱ्या नंबरवर, जो मी सहा वर्षांपूर्वी सोडला. भाचा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"तो नंबर आता दुसऱ्या कुणाला मिळाला असेल, मामा."

"मग?"

"मग काही नाही. तुझ्या घराची किल्ली त्याच्या खिशात आहे, एवढंच."

शेवटचा उपाय सुरक्षा-प्रश्न. तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव काय? मी ताठ बसून सांगितलं. चूक. आडनावासह सांगितलं. चूक. पुढे 'गुरुजी' लावलं, तर खातं २४ तासांसाठी बंद झालं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं: खरी उत्तरं कुणीही शोधून काढतं, खोटी द्या, असं तेव्हा कुठेतरी वाचलं होतं, आणि मी तिथे 'कोणास ठाऊक' असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आत शिरलो. भाच्याने लगेच दुहेरी पडताळणी चालू केली, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही द्यायचा. हे तुम्ही अजिबात करू नका. सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. चष्मा शोधण्यात २० जातात, कोणता आकडा कुठून वाचायचा यावर १० जातात, आणि तोवर नवा कोड आलेला असतो. चोराला हे जमणार नाही, पण मलाही कुठे जमतंय?

मग त्याने पासवर्ड मॅनेजर बसवला. प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, मला कधीही न आठवणारा पासवर्ड त्यानेच बनवायचा, त्यानेच भरायचा. मी फक्त एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा: एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले पाच शब्द. वर आणीबाणीसाठी दहा कोड दिले. "हे कागदावर उतरवून कपाटात ठेव. फोन हरवला तर लागतील." मी अशी कामं उद्यावर टाकत नाही. लगेच फोनने त्यांचा फोटो काढला आणि फोनमध्येच ठेवला.

निघताना दारात चपला घालता घालता त्याने विचारलं, "मुख्य पासवर्ड जपून ठेवलास ना?"

"म्हणजे काय! मॅनेजरमध्येच ठेवलाय."