बॅकग्राउंड डाउनलोडला ‘एक बूल पुरे’? अजिबात नाही

परवा भाचीचा फोन आला. “मावशी, लूपमध्ये प्रिंट ठेवला की माझा प्रोग्राम नीट चालतो. काढला की अडकतो. असं कसं गं?” कोड मागवला आणि पहिल्या दहा ओळींतच कळलं, हा कुठून आलाय ते. ‘सी प्लस प्लसमध्ये बॅकग्राउंड डाउनलोडच्या पाच सोप्या युक्त्या’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय, तो तिने जसाच्या तसा उतरवला होता. युक्त्या अशा: थ्रेड (प्रोग्राममध्येच शेजारी चालणारं वेगळं काम) सुरू करून लगेच डिटॅच करा, म्हणजे मोकळा सोडून द्या, डाउनलोड झालं हे कळवायला साधा बूल (खरं की खोटं एवढंच साठवणारा व्हेरिएबल) पुरे, सगळ्या थ्रेडना एकच कर्ल हँडल (लिबकर्ल या डाउनलोडच्या लायब्ररीत एका डाउनलोडची माहिती धरणारी वस्तू) द्या, थ्रेड जितके जास्त तितका वेग, रद्द करायचं तर थ्रेड सरळ मारून टाका.

डाउनलोड मुख्य थ्रेडमधून बाहेर काढा, हा मूळ सल्ला बरोबर आहे. सर्व्हर उत्तर देईपर्यंत खिडकी गोठून राहते, ते कोणालाच नको असतं. पण त्यापुढचं बहुतेक सगळं चूक आहे, आणि बूलचा मुद्दा तर घातक आहे.

मेसेज म्हणतो, बूल एका बाइटचा असतो, तो अर्धवट लिहिला जात नाही, म्हणून लॉकची (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाची) गरज नाही. नेहमीच्या प्रोसेसरवर एक बाइट अर्धवट लिहिला जात नाही, एवढं खरं. पण अडचण तिथे नाहीच, ती कंपायलरपाशी, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामपाशी आहे. भाचीचा मुख्य थ्रेड रिकाम्या लूपमध्ये ‘झालं का, झालं का’ विचारत बसलेला. कंपायलरला त्या लूपमध्ये बूल बदलणारं काहीच दिसत नाही. मग ओ-टू हे कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन लावलं की तो बूल एकदाच वाचतो आणि ‘नाही’ आलं की तिथेच गोल गोल फिरत राहतो. दुसऱ्या थ्रेडने बूल केव्हाच बदललेला असतो, पण इकडे तो पुन्हा वाचलाच जात नाही. प्रिंट टाकला की कंपायलरला वाटतं, या फंक्शनच्या आत बूल बदलला असेल, म्हणून तो दर फेरीला नव्याने वाचतो. प्रिंटने चूक दुरुस्त होत नव्हती, झाकली जात होती.

हे माझं मत नाही. सी प्लस प्लसच्या २०११च्या मानकातच लिहिलंय: दोन थ्रेड एकाच जागेला एका वेळी हात घालत असतील, त्यांतला एक जरी लिहीत असेल, ती जागा अ‍ॅटॉमिक (अनेक थ्रेडनी एकदम वापरायला सुरक्षित) नसेल आणि दोघांत दुसरी काही शिस्तही नसेल, तर ती डेटा रेस आहे आणि वर्तन अपरिभाषित आहे. म्हणजे प्रोग्राम काय करेल याची भाषा कसलीच हमी देत नाही. ‘माझ्याकडे तर चालतं’ हे त्यावर उत्तर होऊच शकत नाही.

‘मग व्होलाटाइल (दर वेळी नव्याने वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावा’ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगते. त्याने लूप सुटेल, पण डाउनलोड झालेली स्ट्रिंग बूलच्या आधी पूर्ण लिहिलेली दिसेल, याची खात्री मिळत नाही. अ‍ॅटॉमिक बूल घ्या: आधी स्ट्रिंग पूर्ण लिहा, मग बूल खरा करा, आणि वाचणाऱ्याने आधी बूल तपासावा. रिकाम्या लूपमध्ये प्रोसेसरचा एक अख्खा कोअर जाळायचा नसेल तर फ्युचर (दुसऱ्या थ्रेडचा निकाल हाती देणारी वस्तू) वापरा. त्यात थांबणंही होतं आणि थ्रेडमधली एक्सेप्शनही (काहीतरी बिघडल्याची सूचना) तुमच्यापर्यंत पोचते. साध्या थ्रेडमधून एक्सेप्शन बाहेर पडली की अख्खा प्रोग्रामच बंद होतो. शंका असेल तर थ्रेड सॅनिटायझर हे डेटा रेस शोधणारं साधन लावून कंपाइल करा. भाचीच्या कोडमध्ये त्याने पहिल्याच फेरीला दोन्ही थ्रेडच्या ओळी दाखवल्या.

डिटॅचचं थोडक्यात सांगते. मेन, म्हणजे प्रोग्रामचं मुख्य फंक्शन संपलं की प्रक्रिया संपते, फाइल अर्धी राहते. थ्रेड एखाद्या फंक्शनच्या लोकल बफरमध्ये लिहीत असेल आणि ते फंक्शन आधी संपलं, तर तो मेलेल्या जागेत लिहितो. जॉइन करा, म्हणजे थ्रेड संपेपर्यंत थांबा. सी प्लस प्लस २० असेल तर जे-थ्रेड स्वतःच जॉइन करतो.

कर्लचं हँडल एका वेळी दोन थ्रेडनी वापरू नका, हे लिबकर्लच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे. एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं चालतं. थ्रेडच्या संख्येचं म्हणाल, तर छोट्या फाइली पुष्कळ असतील तेव्हा चार-पाच थ्रेडने फरक पडतो, हे मान्य. पण इंटरनेटची लाइन भरली की पुढचे थ्रेड नुसते रांगेत उभे राहतात.

आणि थ्रेड मारणं? मेमरी घेताना त्याने धरलेलं लॉक तसंच राहतं आणि बाकीचे थ्रेड त्याच्यासाठी कायमचे खोळंबतात. रद्द करायला लिबकर्लचा प्रोग्रेस कॉलबॅक (डाउनलोड चालू असताना लिबकर्ल अधूनमधून बोलावतं ते तुमचं फंक्शन) आहे. त्यात अ‍ॅटॉमिक बूल तपासा आणि रद्द करायचं असेल तर एक परत करा, डाउनलोड रीतसर थांबतं. फक्त हा कॉलबॅक मुळात बंद असतो. ‘नो प्रोग्रेस’ हा पर्याय शून्य केल्याशिवाय तो बोलावलाच जात नाही. भाचीचा अर्धा तास त्यातच गेला.